जुनं ॲप परत आणलं तरी भागत नाही

सोनोस या वायफाय स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या ॲपवर चिडून 'जुनं ॲप परत द्या, विषय संपला' असं वर कुणीतरी लिहिलंय. राग पटतो, नव्या ॲपमधून अलार्म लावण्यासारखी साधी सोयही काढून टाकली होती. पण मे २०२४ मध्ये सोनोसचं फक्त ॲप बदललं नव्हतं, स्पीकरमधलं आणि क्लाउडवरचं सॉफ्टवेअरही बदललं. म्हणूनच जुनं ॲप आणलं तर त्रास वाढेल, असं कंपनीने त्याच ऑगस्टमध्ये सांगितलं.

माझा स्पीकर दुसऱ्या कंपनीचा, पण अपडेटचा त्रास मलाही झाला. दर्यापूरकडच्या आमच्या गावात लाईन गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो. आधी इन्व्हर्टरवर वायफाय ठेवून आईचा हरिपाठ घरातल्या घरात वाजायचा, अपडेटनंतर इंटरनेटशिवाय ॲप उघडतच नाही. शेवटी फोन थेट स्पीकरला जोडणारी ऑक्सची वायर लावली. खेड्यात स्पीकर घेणाऱ्यांनी ही वायर लावायचं भोक आहे का, हे आधी बघा.