मदत हवी आहे: फिलिपिनो कॉमिक्समधल्या रूप बदलणाऱ्या पात्रांचं लिंग कसं नोंदवायचं?

मंडळी, फिलिपिनो ‘कोमिक्स’मधल्या स्त्री-पुरुष साच्यांची चौकटवार नोंद चालू आहे. 1950 ची ‘दार्ना’ आणि 2002 ची ‘झाझा झातुर्ना’ या दोन सुपरनायिकांच्या चित्रकथा घेतल्या आहेत. प्रत्येक चौकटीत कोण बोलतं, निर्णय कोण घेतं, पात्र घरात आहे की बाहेर आणि अंगाचा कोणता भाग चित्रात पुढे आणलाय, एवढे चार रकाने.

साध्या पात्रांना हे पुरतं. गाडी अडते ती रूपांतराशी. नार्दा जादूचा खडा गिळून दार्ना होते; दोघींना एकच धरलं, तर साधी मुलगी आणि बलदंड नायिका यांची सरासरी निघते आणि साचाच दिसेनासा होतो. म्हणून दोन ओळी केल्या. पण झातुर्नात ब्युटी पार्लर चालवणारा समलिंगी पुरुष आदा खडा गिळून स्त्री होतो. तिथे शरीर धरायचं, की आतला माणूस?

तागालोगमध्ये (या कोमिक्सची फिलिपिनो भाषा) ‘सिया’ म्हणजे तो आणि ती दोन्ही, म्हणजे मजकुराचा आधार नाही. शिवाय नोंदी मराठीत असल्यामुळे ‘आला’ की ‘आली’ लिहितानाच निकाल लागून जातो! क्रियापदं गाळून नुसती नामं लिहून पाहिली. पण मग ‘निर्णय कोण घेतं’ हा रकाना वाचून काही कळत नाही.

नोंदणारे दोघंच, काम साध्या एक्सेलमध्ये, आणि ‘इतर’ असा सरसकट रकाना नको, कारण नेमकं जे शोधायचंय ते त्यातच बुडतं.

तर शरीर, स्वतःची ओळख आणि इतर पात्रं देतात ती वागणूक असे तीन वेगळे रकाने करावेत का? आणि केले, तर शेवटची मोजणी कोणत्या रकान्यावर करायची?