थुंकीच्या चाचणीवरून मुलीचं शिक्षण ठरवायचं का?

राजेंद्रनगरची आई: मुलगी इथेच इंदूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणितात मागे पडतेय. एका कंपनीने थुंकीचा नमुना घेऊन अहवाल दिला: सीओएमटी जनुक 'व्हॅल-व्हॅल' प्रकाराचं, म्हणून आकडेमोडीला लागणारी स्मरणशक्ती बेताची. घरात आता एमएस्सी नकोच असं चाललंय. पोर दोन दिवस जेवली नाही. मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

निवृत्त गणित-शिक्षक, लोकमान्यनगर: ताई, राग मानू नका. पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभा होतो. बुद्धीत उपजत फरक असतो. एकबीज जुळी वेगवेगळ्या घरांत वाढली तरी बुद्धिचाचणीत एकमेकांच्या जवळ येतात, हे अनेकदा दिसलंय. 'मेहनत कर, जमेल' असं सांगून भंवरकुआँच्या क्लासमध्ये वर्षानुवर्षं झिजवलेली पोरं मी पाहिलीत. तोही अन्यायच.

जैवतंत्रज्ञानवाली: काका, आनुवंशिकता मलाही मान्य आहे, हा अहवाल मान्य नाही. सीओएमटी मेंदूच्या पुढच्या भागातलं डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणारं रसायन, मोडणारं विकर (एन्झाइम) बनवतं. व्हॅल प्रकारात ते जोरात काम करतं, डोपामिन लवकर संपतं, म्हणून स्मरणशक्ती कमी, असा तर्क होता. सुरुवातीचे अभ्यास छोटे होते. पुष्कळ अभ्यास एकत्र केल्यावर परिणाम जवळजवळ शून्यावर आला. २०१२ मध्ये बुद्धीशी जोडलेली अशी डझनभर जनुकस्थानं हजारो माणसांवर पुन्हा तपासली, तेव्हा बहुतेक दावे टिकले नाहीत.

२०१८ मध्ये ११ लाख लोकांच्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेली १,२७१ स्थानं सापडली. त्या अभ्यासावरून, अनेक जनुकस्थानांचे छोटे परिणाम बेरजेत धरून काढलेल्या गुणांकाने बुद्धिचाचणीतल्या फरकाचा ७ ते १० टक्के भाग सांगता आला. तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. आपल्याकडे तो लावला की अचूकता घसरते. मग एका जनुकावरून या मुलीचं काय कळणार?

निवृत्त गणित-शिक्षक: सात टक्के म्हणजे शून्य नव्हे. उद्या तो आकडा वाढेल. तेव्हा काय म्हणाल?

जैवतंत्रज्ञानवाली: वाढू दे. पण तो आकडा हजारो लोकांमधल्या फरकाचा आहे, एकेकट्या मुलाचं भाकीत नाही. शिवाय सख्ख्या भावंडांत तुलना केली की शिक्षणाबाबतच्या गुणांकाचा जोर निम्म्यावर येतो, म्हणजे त्यात घरचं वातावरणही मिसळलेलं आहे. आणि जनुकातला दोष म्हणजे अटळ असंही नाही. फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे प्रथिनांतला एक घटक शरीराला नीट मोडता न येणं, हा पूर्ण आनुवंशिक आजार, तरी जन्मल्यावर लगेच ओळखून आहार सांभाळला तर मुलाचा मेंदू वाचतो.

निवृत्त गणित-शिक्षक: आजाराचं उदाहरण इथे बसत नाही. गणिताची जाण पथ्याने येत नाही. मात्र अहवाल बाजूला ठेवा, एवढं मान्य. पोरीची वही बघा. कुठे अडते ते वही सांगते, थुंकी नाही.

राजेंद्रनगरची आई: काका, काल वही घेऊन बसले. उदाहरण समोर मांडून दिलं की ती सोडवते. अडते ती शाब्दिक प्रश्नांत. बारावी हिंदी माध्यमातून, आणि इथली पुस्तकं सगळी इंग्रजीत. 'आई, प्रश्न काय विचारतोय तेच कळत नाही,' म्हणाली. वर्षभर हे मला सांगितलं नव्हतं. राजेंद्रनगरजवळ हिंदीतून समजावत इंग्रजीकडे नेणारं कोणी शिकवतं का?