मदत हवी आहे : कप भारी की लीग?

मंडळी, आमच्या ग्रुपवर कालपासून इंग्लिश फुटबॉलवरून राडा चालूय : कप जिंकणं भारी की लीगमध्ये वर राहणं? मी स्पर्सवाला (टॉटनहॅम), 2025 ला प्रीमियर लीगमध्ये 20 पैकी 17वे आलो पण बिलबाओच्या फायनलला मँचेस्टर युनायटेडला 1-0 हरवून युरोपा लीग (युरोपातला दुसऱ्या नंबरचा कप) जिंकली, 2008 नंतरची पहिली ट्रॉफी, वर चॅम्पियन्स लीगचं (युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा) तिकीट, मला तर सौदा परवडला बाबा. आर्सेनलवाला मित्र म्हणतो टेबल बघ आधी. (तो बोलणारच.) पण विगन क्लबचं काय म्हणायचं? 2013 च्या फायनलला त्यांच्या वॉटसनने 91व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारला, मँचेस्टर सिटी गार, एफए कप घरात, आणि तीनच दिवसांत रेलिगेट, म्हणजे प्रीमियर लीगमधून खालच्या डिव्हिजनला! पुढच्या सीझनला सेकंड डिव्हिजनमधून युरोपा खेळले. बर्मिंगहॅमचंही तेच, 2011 ला लीग कप जिंकला आणि त्याच सीझनला रेलिगेट. इथे कुणी विगन किंवा बर्मिंगहॅमचा फॅन आहे का? खरं सांगा, परत चॉइस दिला तर काय घ्याल, कप की लीगमधली जागा?