जेवणाच्या टेबलावरची ती पाटी

तुमचं म्हणणं असं की नासात काम केलेल्या बायकांचं कौतुक करायचं तर 'स्त्रिया' म्हणून करा, 'कृष्णवर्णीय स्त्रिया' असं वेगळं काढलं की बाकीच्यांना वगळल्यासारखं होतं. मला हे अजिबात पटत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत (ती पुढे नासाचा भाग झाली) १९४३ पासून कृष्णवर्णीय गणिती बायका विमान संशोधनाची आकडेमोड करायच्या. त्यांची बसायची जागा वेगळी, स्वच्छतागृह वेगळं, जेवणाचं टेबलही वेगळं आणि त्यावर 'कलर्ड कॉम्प्युटर्स', म्हणजे आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय बायका, अशी पाटी. त्यांच्यातल्याच मिरियम मान ती पाटी उचलून सरळ पर्समध्ये टाकायच्या. काही दिवसांनी नवी यायची, तीही पर्समध्ये जायची. शेवटी पाटी यायचीच बंद झाली. हा प्रसंग आठवला की आजही माझा ऊर भरून येतो.

लँगलीतल्याच मेरी जॅक्सन यांना इंजिनिअर व्हायचं होतं, पण त्यासाठीचे वर्ग भरायचे गोऱ्यांच्या शाळेत. तिथे नुसतं बसायलाही त्यांना हॅम्प्टन शहराकडे खास परवानगी मागावी लागली. १९५८ मध्ये त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर झाल्या. ही गोष्ट 'एक बाई इंजिनिअर झाली' एवढीच सांगितली, तर त्यातलं उरतं काय? लँगलीत गोऱ्या गणिती बायकाही होत्या. अन्याय त्यांच्यावरही झाला, पण त्या शाळेचं दार त्यांना बंद नव्हतं.

वेगळं काढलं ते पाटी लावणाऱ्यांनी. नासाच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयाला मेरी जॅक्सन यांचं नाव द्यायचं ठरायला २०२० साल उजाडलं. तोवर त्यांना जाऊन १५ वर्षं झाली होती.