प्रति: कॉलरबोनखाली खड्डा का पडतो?
वर ताईंनी विचारलंय की स्तन काढल्यावर त्या जागी इम्प्लांट (स्तनाचा आकार देणारी कृत्रिम पिशवी) बसवल्यावर कॉलरबोनखाली खड्डा का दिसतो. स्तन काढताना वरची चरबीही निघाली की त्वचा पातळ उरते आणि इम्प्लांटची कड पायरीसारखी उठून दिसते. इम्प्लांट निवडताना सीसीच्या (म्हणजे आकारमानाच्या) आधी स्तनाच्या तळाची रुंदी मोजायला हवी. स्तनाखालची घडी मार्करने आखायची ती रुग्ण उभी असताना. आडवं झाल्यावर ती जागेवर राहत नाही.

ड्रेन (जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी) साधारणपणे २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी पाणी, तेही सलग २ दिवस, आल्यावरच काढतात. मालेगावहून नाशिकची एक खेप वाचावी म्हणून तो लवकर काढायचा आग्रह कृपा करून धरू नका! आत पाणी साठलं की इम्प्लांट सरकू शकतो.

उरलेला खड्डा काही महिन्यांनी पोटाची किंवा मांडीची चरबी भरून बुजवता येतो. त्यातली बरीच विरते, म्हणून दुसरी फेरी लागू शकते.