मदत हवी आहे: 'डिजिटल अरेस्ट'साठी वेगळं कलम मागावं का?

'डिजिटल अरेस्ट' (खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक घालून पैसे उकळणं) याबद्दल ज्येष्ठ नागरिक संघातर्फे खासदारांना निवेदन द्यायचं आहे. मसुद्यात सध्या 'डिजिटल अरेस्टसाठी स्वतंत्र कलम करा' एवढीच मागणी आहे. आयटी कायदा २००० चा, नवे गुन्हे त्यात बसत नाहीत, असं म्हणतात. मागणी बरोबर आहे का?

प्रतिसाद १
कलमांचा तुटवडा नाही हो. खोटा पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर धाक घातला की भारतीय न्याय संहितेची २०४ (तोतया लोकसेवक), ३०८ (खंडणी), ३१८(४) (फसवणूक, ७ वर्षांपर्यंत) लागतात, शिवाय आयटी कायद्याचं ६६-डी (संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीने फसवणूक). घोडं पुढे अडतं. ६६-डी ला ३ वर्षांपर्यंतच शिक्षा, म्हणून ७७-बी प्रमाणे ते जामीनपात्र. त्यात याच कायद्याचं कलम ७८ म्हणतं, तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. तुमच्या ठाण्यात निरीक्षक किती, मोजून बघा! तपास उपनिरीक्षकालाही करू द्या, ही मागणी घाला.

न्याय संहितेच्या संघटित गुन्ह्याच्या कलम १११ मध्ये सायबर गुन्हे आहेत, पण १० वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं आणि न्यायालयाने घेतलेली दखल ही अट आहे. फसवणुकीच्या पैशासाठी बँक खातं भाड्याने देणारा पोरगा बहुधा पहिल्यांदाच सापडलेला असतो, म्हणून ही अट पुरी होत नाही.

धागाकर्ती
स्क्रीनशॉट सगळ्यांकडे आहेत. पुरावा म्हणून चालतील ना?

प्रतिसाद २
नुसते नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश (फाइलचा डिजिटल ठसा). स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि हॅश बदलतो. मूळ फाइल केबलने उतरवा, फोन विकू नका. (जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बी चं असंच प्रमाणपत्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या खोतकर-गोरंट्याल निकालात सक्तीचं ठरवलं होतं.) भाग ब भरणारा तज्ज्ञ नेमका कोण, हे कायद्याने स्पष्ट करावं, ही दुसरी मागणी.

तिसरी खाती गोठवण्याची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १०६ मध्ये, म्हणजे पोलिसांच्या जप्तीच्या अधिकारात, किती दिवस गोठवायचं याची मुदत नाही, आणि फक्त वादातलीच रक्कम रोखा असंही लिहिलेलं नाही. भाजीवाल्याला फसवणुकीतले ५०० रुपये यूपीआयने आले तरी अख्खं खातं अडकू शकतं. इकडे फसलेल्या माणसाला पैसे सोडवायला कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.

या तिसऱ्या मागणीचं वाक्य असं करा: 'कलम १०६ खाली फक्त वादग्रस्त रक्कम रोखावी, आणि ५०३ च्या अर्जाचा निकाल ठरावीक दिवसांत द्यावा.' स्वतंत्र कलमाची ओळ खोडा.