संसर्ग नियंत्रण कुठं शिकवायचं? लॅबमध्ये की खाटेशेजारी?

डिचोलकर मॅडम (धागा सुरू करणारी)
मी गोव्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. लॅबमध्ये त्यांच्या हातांना अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन लावून हात धुवायला सांगितले. तळवे स्वच्छ निघाले, पण अंगठ्यांची मागची बाजू आणि नखांच्या कडा लखलखत होत्या. मुली ओशाळल्या, पुन्हा धुतले. पुढच्या आठवड्यात वॉर्डात पोस्टिंग लागलं. त्यातलीच एक मुलगी एकाच जोडी हातमोज्यांनी तीन पेशंटांचं बीपी घेत गेली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इथं सगळे असंच करतात."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लॅबचे तास कमी करा आणि हा विषय खाटेशेजारी शिकवा. बी.एस्सी.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात संसर्ग नियंत्रणाचा मुख्य पेपर तिसऱ्या सत्रात आहे, आणि मुली वॉर्डात पाऊल टाकतात पहिल्याच सत्रात. पेपर येईपर्यंत हातांना वळण लागून गेलेलं असतं.

नाईट ड्युटी
मॅडम, मला हे अजिबात पटलं नाही. मी १९ वर्षं स्टाफ नर्स आहे. हात धुणं नर्सिंग फाउंडेशन या सुरुवातीच्या विषयातच शिकवतात, त्यामुळे मुलींना माहीत नाही असं नाही. आमच्या वॉर्डात बेसिन एकच, तेही पार टोकाला. रात्री ३० पेशंट असतात. प्रत्येकाला हात लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा हँडरब, म्हणजे हातांवर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, म्हटलं, तर अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने फक्त हात चोळण्यात अर्धा तास जातो. साबण-पाण्याला त्याच्या दुप्पट वेळ, शिवाय बेसिनपर्यंतची ये-जा वेगळी. चवथीच्या दिवसांत निम्मा स्टाफ रजेवर असतो, तेव्हाचं तर विचारूच नका. आधी प्रत्येक खाटेला बाटली लावा, मग आमच्याकडे बोट दाखवा.

शिवाय तुम्ही आठ-आठ मुली एका खाटेभोवती उभ्या करता. त्या गर्दीत काय शिकवणार आणि पेशंटला काय देणार?

डिचोलकर मॅडम
सिस्टर, बाटलीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्या मुलीच्या समोर बाटली होती. हातमोजे घातले की हात स्वच्छ, हा समज तिने वॉर्डात उचलला. मोजे तिला वाचवतात, पुढच्या पेशंटला नाही. मोजे बदलायचे आणि काढल्यावर हातही स्वच्छ करायचे, हे लॅबमधल्या पुतळ्यावर शिकवून अंगवळणी पडत नाही.

साखळीची
मी साखळी गावची, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडमना एक विचारायचंय. वॉर्डात शिकवाल, पण चुकणाऱ्या सीनियरला टोकायचं कुणी? आमचा रिपोर्ट त्यांच्याच हातात असतो. एकदा मी कॅथेटरची पिशवी जमिनीला टेकलेली बघून उचलून अडकवली, तर मला सगळ्यांसमोर बोलणी बसली. त्यानंतर तशीच एक पिशवी दिसली आणि मी मान फिरवली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि लॅब हवीच. एकाच दुपारी हात दहादा चुकवून पाहता येतो ती तीच एक जागा. पेशंटवर चुका करत शिकायचं का?

फोंडेकर
माझी आई महिनाभर ॲडमिट होती, म्हणून लिहितोय. एक विद्यार्थिनी सलाईनच्या जोडाला सुई लावण्याआधी तिथे स्पिरिटचा बोळा घासत मनात पंधरा आकडे मोजायची. आईला तिचा एवढा भरवसा वाटायचा की बाकीच्यांना विचारायची, "बाये, हात धुयले गो?" काहींना राग यायचा.

जुनी गोष्ट आहे, पण इथे सांगायलाच हवी. गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, परंपरा ज्या पोर्तुगीज वैद्यक शाळेपर्यंत जाते, ती पणजीत १८४२ साली सुरू झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने प्रसूती वॉर्डात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले, तरी वरिष्ठांनी त्याचं ऐकलं नाही. साखळीच्या ताईंची अडचण तेव्हापासूनची आहे.

नाईट ड्युटी
साखळीच्या मुली, तुला बोलणी बसली ते चूक झालं. तुझं बरोबर होतं. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

आता माझंही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना मला सुई टोचली. बोट पिळत बसले, आणि ओरडा पडेल म्हणून कुणालाच सांगितलं नाही. पिळायचं नसतं, साबण-पाण्याने धुवायचं आणि तिथल्या तिथे कळवायचं, हे मला खूप उशिरा समजलं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. मी ते तास गप्प बसून घालवले. सुदैवाने काही झालं नाही, पण पुढच्या तपासणीपर्यंत एक रात्र धड झोपले नाही. हे मुलींना शिकवा. हेपॅटायटिस बीचे तीनही डोस झाल्याशिवाय एकीलाही वॉर्डात पाठवू नका. सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या डब्यात.

पण लॅब कमी करायला माझा विरोध आहे तो आहेच.

डिचोलकर मॅडम
सिस्टर, हे तुम्ही वॉर्डात त्यांच्यासमोर सांगाल का? माझ्या तोंडून ते पुस्तकातलं वाटतं.

लॅबबद्दल साखळीच्या मुलीचं मी ऐकते. तास तेवढेच राहोत, पण वॉर्डातले वाढवायलाच हवेत. आणि टोकण्याचा भार मुलींवर नको. प्रत्येकीच्या खिशात हँडरब देते. स्वतःच्या हातावर घेताना शेजारच्या सीनियरपुढे बाटली धरायची, तोंडातून शब्द नाही. हात दिसायला घाण असतील किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडियम या जंतूमुळे होणारे जुलाब असतील, तर मात्र साबण-पाणीच. तिथे हँडरब चालत नाही.

साखळीची
बाटली पुढे करणं जमेल मला.

नाईट ड्युटी
आठ नाही, चार मुली पाठवा. सकाळच्या औषधांच्या राउंडला नको, दहानंतर. सुईचं मी सांगेन.